शिकवायचे किती?

'म्यान' हा शब्द आपण तलवारीसाठी राखून ठेवलाय. मिरवणुकीतले फलक, गडावरचे रील्स, मित्रांचे स्टेटस, सगळीकडे म्यान असतं ते तलवारीचं. ज्या धारेशी आपला रोज संबंध येतो, ती मात्र उघडीच असते. विळा छपराच्या वाशात खोचलेला, कोयता पोत्याच्या तुकड्यात गुंडाळलेला आणि चाकू खिशात. आमच्या अण्णांचा बागेतला चाकू जुन्या मोज्यात घालून पायजम्याच्या खिशात असायचा. दोन वर्षांपूर्वी मोटारसायकलवर टांग टाकताना तो मोजा आणि पायजमा दोन्ही फाडून मांडीत गेला. चार टाके पडले. टाके काढून आल्यावर अण्णांनी काय केलं, तर चाकूवर एकाऐवजी दोन मोजे चढवले.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. कंपनी पुण्यातली, पण महिन्यातले दहा-बारा दिवस मी बदनापूर तालुक्यातल्या आमच्या गावी बसून काम करतो. दोन मोजे हा उपाय माझ्या ओळखीचा होता. आमच्या धंद्यात त्याला पॅच म्हणतात. म्हटलं, या चाकूला म्यानच करू. चामड्याचं आणि आपल्या हातानं.

चाकूबद्दल थोडं सांगतो. जालना म्हटलं की लोकांना मोसंबी आणि स्टील आठवतं. एमआयडीसीतून सळई देशभर जाते. पण सळईच्या लोखंडाला धार टिकत नाही. त्यात कार्बन पाव टक्क्याच्या आसपास असतो. ट्रकच्या कमानपाट्यात तो अर्ध्या टक्क्याच्या वर असतो, म्हणून आमच्याकडचे लोहार विळे, कोयते, चाकू पाट्याचेच करतात. अण्णांचा चाकूही पाट्याचा. साडेचार इंचाचं पातं, बाभळीची मूठ. मोसंबीची सल काढायची, ठिबकची नळी कापायची, खताच्या गोणीची सुतळी तोडायची, आणि कुणी पाव्हणा बागेत आला तर त्याला मोसंबी कापून द्यायची, सगळं यानंच. या पोलादाला गंज लवकर धरतो. त्यामुळे त्याचं घर कसलं असावं, हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही.

सुरुवात अर्थातच यूट्यूबवर. तिथं लेदरक्राफ्टची एक वेगळीच दुनिया आहे. दाढीवाले परदेशी पुरुष, लाकडी टेबल, पिवळा उजेड, मागे गिटार. कुणी बोलत नाही, फक्त चामडं कापल्याचा आवाज. बघताना मन शांत होतं. खाली सामानाची यादी असते: भोकं पाडायच्या दातेरी छिन्न्या, रेघ मारायचं हत्यार, कडा गोल करायचं हत्यार. नवशिक्याचा संच साडेतीन हजारांच्या पुढे. मी संच घेतला नाही, पण १,४९९ रुपयांचा एक ऑनलाइन कोर्स घेतला. तिसऱ्या व्हिडिओत त्या माणसानं हातात एक टोकदार हत्यार घेतलं आणि त्याचं इंग्रजी नाव सांगितलं. मी ते पाहिलं आणि म्हटलं, अरे, ही तर आरी. मग त्यानं चंद्रकोरीसारखं पातं घेतलं. ती रापी. आरी आणि रापी मी लहानपणापासून पाहतोय. प्रत्येक बसस्टँडबाहेर, पत्र्याच्या गटई स्टॉलमध्ये. तिथं गिटार नसते, एवढाच फरक.

जुन्या जालन्यात एका स्टॉलवर माझ्या बुटांचा तळ शिवून घेतला होता. तिथल्या मामांकडे गेलो. साठीच्या आसपासचे असतील. मी पिशवीतून चामड्याचा तुकडा काढला. कानपूरच्या एका दुकानातून ऑनलाइन मागवला होता. म्हशीचं, तीन मिलिमीटर जाडीचं, दीड चौरस फूट. मामांनी तुकडा हातात घेतला, वाकवला, कापलेली कड डोळ्यांजवळ नेली, मग वास घेतला.

"हे सालीचं हाय," ते म्हणाले. "लई दिवसांनी पाह्यलं. बापाच्या टायमाला असं यायचं."

सालीचं म्हणजे झाडाच्या सालीनं कमावलेलं. कच्चं कातडं सडतं; ते टिकावं म्हणून त्यातल्या प्रथिनांना दुसऱ्या कशानं तरी बांधून घ्यावं लागतं. आपल्याकडे हे काम बाभळीची साल आणि हिरडा करायचे. दोन्हींत टॅनिन भरपूर असतं. कातडं सालीच्या पाण्यात ठेवायचं, पाणी बदलत राहायचं. याला आठवडेच्या आठवडे लागतात. एकोणिसाव्या शतकात क्रोमियमच्या क्षारांनी कातडं कमवायची पद्धत निघाली आणि तेच काम दिवसा-दोन दिवसांवर आलं. आज जगातलं बहुतेक चामडं क्रोमचं असतं. तुमच्या पाकिटाची कड कापून पाहिलीत तर मध्ये निळसर करडी झाक दिसेल. सालीच्या चामड्याची कड आरपार तपकिरी असते. त्यावर पाण्याचा थेंब टाकला की तो आत जिरतो आणि तिथं गडद डाग पडतो.

म्यानाला सालीचं चामडं लागतं, कारण ते ओलं करून दाबलं की दाबाल तो आकार घेतं आणि वाळल्यावर तो धरून ठेवतं. क्रोमचं चामडं मऊ आणि लवचीक. बॅगेला, बुटाच्या वरच्या भागाला उत्तम, पण ते आकार धरत नाही.

मी मामांना चाकू दाखवला, मोबाइलवर म्यानाचा फोटो दाखवला आणि विचारलं, "शिकवाल का?"

"करून देतो ना. शिकायचं काहून?"

"मला करून बघायचंय."

त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं, मग बसायला डबा सरकवला.

आता कृती. तुमच्यापैकी कुणाला करायचं असेल तर हे एवढं पुरतं. आधी पुठ्ठा. लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा सगळ्यात चांगला. तो दुमडायचा, दुमडीला चाकूची पाठ टेकवायची आणि पात्याच्या बाजूनं पेन्सिल फिरवायची. त्या रेषेबाहेर बोटाच्या रुंदीएवढी जागा सोडायची, कारण चामड्याला जाडी असते आणि शिवणीलाही जागा लागते. कागदावरचं माप आणि चामड्यावरचं माप यांत हाच फरक. पुठ्ठ्याचं म्यान करून चाकू आत-बाहेर करून बघायचा. पुठ्ठा वाया गेला तर पत्रिका फुकटची असते.

मग चामडं कापायचं. घरी असतो तर मी कटर आणि स्टीलची पट्टी घेतली असती. मामांनी रापी दिली. रापी ओढायची नसते, ढकलायची असते. चामडं लाकडावर, एक हात चामड्यावर आणि रापीचं पातं अंगापासून दूर जाणारं. कापण्याआधी त्यांनी ती दगडावर चार वेळा घासली. दर पाच-सहा इंचांनी पुन्हा घासली. "बोथट रापी हात कापती," ते म्हणाले. "धारवाली चामडं कापती."

पुढं क्रम महत्त्वाचा. पट्ट्यात अडकवायची पट्टी आधी शिवायची. एकदा म्यान दुमडून बंद केलं की आत हात जात नाही. मग दुमड. दुमडीची रेघ ओली करून हळूहळू वाकवायची. चाकूची पाठ दुमडीकडे आणि धार उघड्या कडेकडे. धारेच्या बाजूला दोन थरांच्या मध्ये चामड्याची आणखी एक अरुंद पट्टी बसवायची. नवशिक्यांना हीच पट्टी फालतू वाटते आणि म्यानाचा सगळा जीव हिच्यातच असतो. ती नसेल तर चाकू आत सरकवताना धार थेट दोऱ्यावर घासते आणि महिन्याभरात शिवण उसवते. ती असली की धार चामड्यावर थांबते, दोरा तिच्या मागे सुरक्षित राहतो. तीन थर सोल्युशननं चिकटवायचे आणि वाळू द्यायचे.

शिवणीची रेघ कडेपासून चार मिलिमीटर आत. ती मारायला मी शाळेच्या कंपासपेटीतलं कर्कटक नेलं होतं. एक टोक कडेवर ठेवून दुसरं फिरवलं की समांतर रेघ मिळते. भोकांमधलं अंतर सारखं यावं म्हणून त्या रेघेवर जेवणाचा काटा दाबत गेलो. मामांना हे फार आवडलं. ते स्वतः नजरेनं भोकं पाडतात.

टाक्यावर आमचा वाद झाला. माझ्या कोर्समध्ये दोन सुया होत्या. एकाच दोऱ्याची दोन टोकं, दोन्हीकडे सुई. प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जायच्या. घोड्याची खोगिरं अशी शिवतात. एक दोरा झिजून तुटला तरी दुसरा शिवण धरून ठेवतो. मामांच्या आरीच्या टोकाला खाच असते. आरी वरून आत गेली की खालचा दोरा त्या खाचेत अडकवायचा, वर ओढून त्याचा फास करायचा आणि वरचं टोक त्या फासातून घालून आवळायचं. माझा एक टाका होईपर्यंत त्यांचे पाच व्हायचे. मी दोन सुयांचं कारण सांगितलं. त्यांनी दहा-बारा टाके बघितले, बोटानं शिवण ओढून पाहिली.

"टिकल हे," ते म्हणाले. "पण चपलेला इतका टाइम कोण देतं? गिऱ्हाईक एका पायावर उभं ऱ्हातं."

मेण लावलेला दोरा शिवणीच्या पाचपट लांब घेतला होता. ३६ भोकं होती. शेवटचे तीन टाके उलट फिरून घालायचे, म्हणजे गाठ लागत नाही. अर्धी शिवण स्टॉलवर झाली, उरलेली घरी करायला सांगून मामांनी मला उठवलं. निघताना मी विचारलं, "किती द्यायचे?"

ते हिशोब करू लागले. "तू बसला तव्हापासून चार जण परत गेले. एक चेन, दोन अंगठे, एक तळ. त्याचे दीडशे." मग थांबले. "आन् शिकवायचे..."

पुढे त्यांना आकडा सापडला नाही. चेन बसवायचा दर त्यांना झोपेत विचारला तरी सांगतील. अंगठा, टाच, तळ, पॉलिश, सगळ्याला दर आहे. शिकवायला दर नव्हता.

"हे कुणी इचारलंच न्हाई आजपोत्तर," ते म्हणाले. "पाहू मागून."

गावाकडे येताना माझ्या डोक्यात तेच फिरत होतं. मी ज्या धंद्यात आहे तिथं माहिती हाच माल आहे. माझ्या प्रत्येक तासाचा टाइमशीट भरला जातो. कुणाला अर्धा तास काही समजावलं तरी त्याला नॉलेज ट्रान्सफर म्हणतात आणि त्याचंही बिल होतं. मामांच्या धंद्यात माहिती कधी विकलीच गेली नाही, कारण ती घ्यायला बाहेरून कुणी येत नव्हतं. बापाकडून पोराकडे जायची, जातीतल्या जातीत. बलुत्यात चर्मकाराला वर्षाच्या कामाबद्दल खळ्यावर धान्य मिळायचं. टाक्याला दर नव्हता आणि कौशल्याला तर नव्हताच. ज्या विद्येच्या दारात दुसरं कुणी उभं राहत नाही, तिचा भाव ठरणार कसा?

घरी आलो तर आजीनं तुकडा पाहिला आणि म्हणाली, "कातडं घरात नको. गोठ्यात बस." त्यामुळे उरलेले १६ टाके मी गोठ्यात, बॅटरीच्या उजेडात घातले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आजी स्वतःच तिथं येऊन बसली. माझा हात बघत राहिली, आणि मग मोटेबद्दल बोलायला लागली. विजेचे पंप यायच्या आधी आमच्या विहिरीवर मोट होती. अख्ख्या कातड्याची, शिवलेली. ती गावातल्याच एका घरानं शिवलेली होती आणि फाटली की तेच लोक येऊन सांधून द्यायचे.

"मोट पाण्यात बुडून वर यायची," आजी म्हणाली. "तेच पाणी आम्ही प्यायचो."

"आणि मोट शिवणारे?"

"त्यांना वरून ओतायचे."

एवढंच म्हणाली. महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब गेले ते २० मार्च १९२७ ला, हे मी शाळेत पाठ केलं होतं आणि परीक्षेत लिहिलंही होतं. पण त्या तारखेच्या पलीकडे आमची स्वतःची विहीर होती हे मला त्या गोठ्यात कळलं. कातडं विहिरीत चालत होतं. ते शिवणारे हात चालत नव्हते. आजीचं मतपरिवर्तन वगैरे काही झालं नाही. उठताना म्हणाली, "हात धू, मग आत ये."

शिवण झाली. शेवटचं काम आकार देण्याचं. म्यान पाण्यात बुडवलं, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. चाकूला स्वयंपाकघरातली प्लास्टिकची पातळ फिल्म गुंडाळली. याचं कारण मामांनी आधीच सांगून ठेवलं होतं: ओलं सालीचं चामडं आणि लोखंड एकमेकांना लागू द्यायचं नाही, काळं पडतं. हे रसायन जुनंच आहे. हिरड्याचं पाणी आणि हिराकस, म्हणजे टॅनिन आणि लोह, यांचीच पूर्वी काळी शाई करायचे. ओल्या म्यानात उघडा चाकू घातला तर आत शाईच तयार होणार. फिल्म गुंडाळलेला चाकू आत सरकवला आणि चमच्याच्या पाठीनं मुठीच्या कडेकडेनं चामडं दाबत गेलो. दहा मिनिटांत चामड्यावर चाकूचा आकार उमटला. टोकाशी एक बारीक भोक ठेवलं, आत गेलेलं पाणी निघायला. मग सावलीत एक अख्खा दिवस. उन्हात ठेवलं तर कडक होऊन तडकतं. वाळल्यावर मेण आणि थोडं एरंडेल. पूर्वी वहाणांना एरंडेलच लावायचे, असं अण्णा म्हणाले. एक पथ्य कायमचं: रात्री चाकू म्यानाबाहेर. चामडं ओल धरतं आणि पाट्याच्या चाकूला ओल चालत नाही.

अण्णांनी म्यान पट्ट्यात अडकवलं, चाकू घातला, काढला, पुन्हा घातला. काढताना 'टक्' असा बारीक आवाज येतो. तो ऐकायला त्यांनी सात-आठ वेळा तरी काढला असेल. सगळे मिळून मला ११ तास लागले होते.

पुढच्या आठवड्यात म्यान घेऊन मामांकडे गेलो. त्यांनी शिवण नखानं चाचपली, तीन टाके वाकडे होते ते बोट ठेवून दाखवले आणि विचारलं, "त्या मोबाइलमधल्या मास्तरला किती देले व्हते?"

"चौदाशे नव्व्याण्णव."

"त्यानं हात धरून शिकवलं?"

"नाही."

"मंग मला पंधराशे दे."

मी दिले. त्यांनी मोजून घेतले.

बोलता बोलता कोल्हापुरीचा विषय निघाला. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि आपल्याकडे गदारोळ झाला, तो त्यांनी नातवाच्या मोबाइलवर पाहिला होता. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात येतात. आपण सगळे तेव्हा चिडलो, आमचं चोरलं म्हणून पोस्टी टाकल्या. मीही एक शेअर केली होती. मामांनी वेगळाच प्रश्न विचारला. "ती चप्पल तिकडं लाखाला इकली तरी लोक घेतेत. आन् इथं अंगठ्याचे वीस सांगितले की म्हणतेत, दहा घे. चप्पल तीच, मंग पैसं कशाचं?" मानांकन नावाचं रक्षण करतं. हाताच्या दराबद्दल त्यात काही लिहिलेलं नसतं.

याचा पुरावा आमच्याच बांधावर मिळाला. शेजारच्या बागेतल्या काकांनी अण्णांच्या कमरेचं म्यान पाहिलं आणि मला म्हणाले, "भारी केलंय राव. मला बी एक कर. आठशे देतो." मी म्हटलं, माझ्याकडे वेळ नाही, जालन्यात मामा आहेत, ज्यांनी मला शिकवलं, ते करून देतील.

"तिथं? चप्पल शिवणाऱ्याकडं?" काका म्हणाले. "तो काय, दोनशेत करून देईल."

म्यान तेच, चामडं तेच, आणि टाका माझ्यापेक्षा सरळ. इंजिनिअरच्या पोरानं केलं की हॅण्डमेड, आठशे. स्टॉलवर केलं की शिलाई, दोनशे. मधले सहाशे रुपये कशाचे आहेत ते काकांनाही माहीत होतं आणि मलाही. मी एवढंच सांगितलं, "तिथंही आठशेच पडतील. कमी होणार नाही."

हे मी मामांना फोनवर कळवलं. म्हटलं, काका आले तर आठशेच्या खाली येऊ नका. पुठ्ठ्याचा माप त्यांच्याकडेच आहे, स्टॉलच्या पत्र्याला खिळ्यावर टांगलेला. कानपूरहून चार चौरस फूट चामडंही आलंय. काका अजून गेलेले नाहीत.

"आठशे काहून?" मामा म्हणाले. "आठशे तुझं. माझं हजाराला. माझा टाका सरळ हाय."